दोनशे चौदा फोटो

मैदागिनच्या चौकात ऑटो अडकला आणि पुढच्या टोटोच्या पाठीवर मला वैदेही दिसली. बॅटरीवरच्या या रिक्षांच्या पाठी आजकाल मोकळ्या नसतातच, कोचिंग क्लास, दातांचा डॉक्टर, काहीतरी चिकटवलेलं असतं. त्या टोटोवर वैदेही होती. जांभळी नऊवारी, नथ, कपाळावर चंद्रकोर, आणि हसताना डावीकडे किंचित वाकडा होणारा ओठ. डोक्यावर लाल अक्षरांत ‘मराठी दुल्हन स्पेशल’, खाली रामनगरच्या कुठल्याशा ब्यूटी पार्लरचं नाव आणि नंबर. वैदेही म्हणजे अनिमेषची, माझ्या नवऱ्याची, पहिली बायको. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. मी तिला प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही, पण तिचा तो ओठ मी कुठेही ओळखेन. खरं सांगायचं तर अगदी पहिल्या क्षणाला मला राग आला. वाटलं, इथेही आहेस का.

मग तो हात दिसला. तिच्या गळ्याशी, साडीच्या काठाला लागून, एक छोटासा गोरा हात होता. चार बोटं आणि अंगठ्याचं टोक. मनगटाशी फोटो संपत होता आणि फ्लेक्सचा गुलाबी रंग सुरू होत होता. मागे हॉर्न वाजत होते, ऑटोवाला कुणाला तरी शिव्या घालत होता, आणि मी त्या मनगटाकडे बघत होते. विद्यापीठाच्या लायब्ररीत मी पुस्तकं नोंदवायचं काम करते. आमच्याकडे पहिल्या पानावरच्या शिक्क्याखेरीज आणखी एक शिक्का असतो, आत कुठेतरी, एका ठरलेल्या पानावर. चोराने पहिलं पान फाडलं तरी ते पान उघडून पुस्तक आपलं आहे हे सिद्ध करता येतं. तो हात म्हणजे तसा शिक्का होता. वैदेहीचा हा फोटो मी स्वतः कापला होता आणि कापताना तेवढा हात माझ्याच्याने कापला गेला नव्हता. म्हणजे पार्लरवाल्यांनी जो फोटो उचलला तो वैदेहीचा नव्हता, अनिमेषचाही नव्हता. तो माझा होता. मी मोबाइलवर कसाबसा एक फोटो काढला तोच टोटो हलला, डावीकडे वळला, आणि वैदेही कबीरचौऱ्याकडे निघून गेली.

मंगला गौरीच्या पायऱ्या उतरून आमच्या गल्लीत येईपर्यंत मी मनाशी म्हणत होते की घरी कुणाला सांगायचं नाही. सांगायचं नाही याची मला सवय आहे. नऊ वर्षांपूर्वी जबलपूरहून लग्न होऊन गंगाकाठच्या या मराठी घरात आले तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते आणि रुची, वैदेहीची मुलगी, पाच वर्षांची. सासूबाईंनी दाराशीच ठरवून टाकलं, ‘ही तुझी मावशी.’ म्हणजे मी वैदेहीची बहीण. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक चांदीचा टाक माझ्या हातात ठेवला. बोटाच्या पेराएवढा, त्यावर उठावाची बाईची आकृती, नाकडोळे नसलेली. ‘सवतीचा टाक आहे. गळ्यात घाल, मंगळसूत्राच्या सोबत. ती खुश राहील, तुला त्रास देणार नाही.’ मी शिकलेली बाई, मला हसू आलं. हसू लपवून मी तो घेतला आणि कपाटात पावत्यांच्या डब्यात टाकला. सासूबाईंनी दोनदा विचारलं, मग सोडून दिलं. त्यांना वाटलं मला श्रद्धा नाही. श्रद्धा नव्हती हे खरं, पण त्या नाकडोळे नसलेल्या पत्र्याचं मला काम पडलं नाही, कारण महिन्याभरातच मला वैदेही सबंध सापडली.

तिच्या पाककृतींच्या वहीत मागच्या पानावर, अनारशांच्या पिठाच्या प्रमाणाखाली, तिचा पासवर्ड लिहिलेला होता. रुचीचं नाव आणि जन्मतारीख. फोटो टाकायच्या साइटवरचं तिचं खातं तसंच उघडं पडलेलं होतं, बाई गेल्यावर घरात तिच्या चपला दारात राहाव्या तसं. दोनशे चौदा फोटो. वैदेहीला फोटो टाकायची हौस होती. अनिमेष काढायचा, ती टाकायची, आणि टाकून झाले की कॅमेऱ्याचं कार्ड पुसून पुढच्यासाठी मोकळं करायची. त्यामुळे ते फोटो दुसरीकडे कुठेच नव्हते. घरात लागलेला एकुलता एक मोठा फोटो लग्नातला, तोही ओल येऊन नाकापासून खाली फुगलेला. मी रोज दुपारी बघायची. सुट्टीच्या दिवशी सासूबाई झोपल्या की, नाहीतर लायब्ररीत डबा खाताना. सुरुवातीला म्हणायची, घर समजून घ्यायला बघते. आणि खरंच, ताटाळं कुठे होतं, दिवाळीत कंदील कोणत्या खिडकीला लावायचा, अनिमेषला भरली वांगी सुकी लागतात की रशाची, हे मला कुणी सांगितलं नाही, मी फोटोंतून शिकले. सासूबाई एकदा म्हणाल्या, ‘अगं, तू तर अगदी तिच्यासारखी रांगोळी काढतेस.’ त्यांना ते कौतुक वाटलं. मी त्या रात्री जेवले नाही.

फोटो बघता बघता मला एक गोष्ट कळत गेली आणि ती कळल्यावर बघणं सुटेना. त्या फोटोंत अनिमेष कुठेच नाही, कारण तो या बाजूला आहे. पण वैदेही त्याच्याकडे बघते, आणि ती ज्या नजरेने बघते त्यावरून तो कसा उभा असेल ते कळतं. संकठा घाटावर ओले केस झटकताना. नावेत, रामनगरच्या किल्ल्याकडे पाठ करून, डोळ्यांवर हात धरून. स्वयंपाकघरात, पिठाच्या हातांनी ‘नको ना’ म्हणताना. तिला ठाऊक होतं की समोर बघणारा माणूस आपलाच आहे. माझे फोटोही अनिमेषने काढलेत. सरळ, नीट, डोकं न कापता. मी त्यात एखाद्या कार्यक्रमाला आलेल्या पाहुणीसारखी उभी असते. तेव्हा हे फोटो नेमके कुणाचे, असा प्रश्न कुणी विचारला असता तर मी काय सांगितलं असतं. चेहरा तिचा. नजर त्याची. पेटी त्या साइटच्या कंपनीची, जी सात समुद्रांपलीकडे कुठेतरी गार खोल्यांत ती सांभाळत होती. आणि किल्ली माझ्याकडे. तिघांना ठाऊक नव्हतं की चौथी रोज येऊन बसते.

एक गोष्ट मात्र मी केली नव्हती. तिच्या खात्यात पत्रांचा, म्हणजे मेसेजचाही कप्पा होता आणि त्यावर न वाचलेल्यांचा लाल आकडा होता. तो दर महिन्याला एकदोनने वाढायचा. मी तो कधी उघडला नाही. फोटो चारचौघांना दाखवायलाच टाकतात, पत्रांचं तसं नसतं, एवढी अब्रू मी राखली होती. त्याचा मला अभिमानही होता.

गेल्या पितृपक्षात अविधवा नवमीला सासूबाई म्हणाल्या की यंदा नवा फोटो पाहिजे, सीलन लागलेल्या फोटोला हार घालायला हात धजत नाही. नवऱ्याच्या आधी जी बाई जाते तिचं श्राद्ध त्या नवमीला होतं, सवाष्ण जेवू घालतात, ओटी भरतात. दरवर्षी गल्लीतल्या वीणाकाकू सवाष्ण म्हणून यायच्या आणि मी वाढायची. मी म्हटलं, ‘नेटवर एक छान आहे, जांभळ्या नऊवारीतला.’ सासूबाईंनी डोळे बारीक करून मोबाइलमध्ये पाहिलं. वैदेही बसलेली, मांडीवर दोन वर्षांची रुची, तिचा एक हात आईच्या गळ्याशी. ‘फोटो बढिया आहे,’ त्या म्हणाल्या, ‘पण पोरीला काढ त्यातून. जिवंत माणसावर हार चढत नाही. अपशकुन आहे तो.’ मी तिथेच बसून बोटाने फोटो कापला; सबंध नेटवर होताच, फोनमध्ये कापलेलाच ठेवला. रुची सहज निघाली. हात निघेना. हात काढायचा तर वैदेहीचा गळा जात होता, मंगळसूत्र जात होतं, आणि सवाष्णीच्या फोटोत मंगळसूत्र नको असं कसं चालेल. सासूबाईंना इतकं बारीक दिसत नव्हतं. फ्रेम लागली, झेंडूचा हार पडला, त्याखाली तो हात झाकून गेला आणि मीही विसरले.

आता पुढचं सांगायला लाज वाटते. मी तो कापलेला फोटो माझ्या खात्यावर टाकला, सगळ्यांना दिसेल असा. वर लिहिलं, ‘आज वैदेहीताईंची अविधवा नवमी.’ दुपारपर्यंत दीडशे लोकांनी अंगठे दिले. पुणं, इंदूर, नागपूर, इथली बंगाली शेजारीण. ‘केवढं मोठं मन आहे तुमचं.’ ‘अशी सवत सात जन्मांत मिळणार नाही.’ मी वाढपाच्या मध्ये मध्ये येऊन वाचत होते आणि मला बरं वाटत होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा वैदेहीमुळे मला काहीतरी मिळालं होतं. हात धुऊन मी सवयीने तिचं खातं उघडलं. लाल आकडा एकाने वाढला होता. त्या बरं वाटण्याच्या भरातच असेल, वाटलं, आता आपलं एवढं मन मोठं आहे तर बघायला काय हरकत आहे. मी कप्पा उघडला.

सगळी पत्रं अनिमेषची होती. अकरा वर्षांची. एकेक दोन ओळींची. ‘रुचीला बालवाडीत घातलं. रडली नाही.’ ‘आईचं मोतीबिंदूचं झालं.’ ‘आज लग्न केलं. आधी सांगायला हवं होतं तुला.’ ‘रुचीचा पहिला दात पडला.’ तो दात माझ्या तळहातावर पडला होता. मीच तिला सफरचंद भरवत होते. ‘बदली टळली.’ ‘बकुळ चांगली आहे.’ बकुळ म्हणजे मी. त्यानंतर दोन वर्षांनी पुन्हा, ‘बकुळ चांगली आहे. मलाच जमत नाही.’ आणि सगळ्यात शेवटी, त्याच दिवशीचं, अजून माझ्या हाताला वड्यांच्या तेलाचा वास होता, ‘आज तुझी नवमी. रुचीने सहा वडे खाल्ले.’

मी त्याला मितभाषी समजत होते. सगळ्यांना तसंच सांगायची, ‘हे फार बोलत नाहीत.’ रेल्वेच्या कारखान्यातून येतो, चहा घेतो, पेपर बघतो, आठवड्याच्या भाजीबद्दल बोलतो. मी त्याच्या शांतपणाशी जुळवून घेतलं होतं, त्याचा मान ठेवला होता. आणि तो तर बोलत होता. घरात घडणारं सगळं, मी केलेलं, मी सोसलेलं, मी ताटात वाढलेलं, तो तिला नेऊन देत होता. मी जगत होते आणि बातमी तिला मिळत होती. सवतीमत्सर हा शब्द मी जुन्या कथांतला समजायची. त्या दुपारी तो माझ्या हातापायांत भरला. खातं कायमचं काढून टाकायचं का, असं त्या साइटवर एका कोपऱ्यात विचारलेलं असतं. मी हो म्हटलं. कारण विचारलं, ते मी रिकामं सोडलं. पुन्हा पासवर्ड मागितला, मी रुचीचं नाव आणि जन्मतारीख टाकली. तीस दिवसांत परत आलात तर सगळं जसंच्या तसं मिळेल, असं त्यांनी कळवलं. त्यांची काहीच चूक नाही. त्यांनी मला तीस दिवस दिले होते.

ते तीस दिवस मी मोजले. दसरा गेला, कोजागिरी गेली. रोज वाटायचं उद्या परत घेऊ, आज थोडी शिक्षा होऊ दे. कुणाला होत होती शिक्षा, त्याला तर काही कळलेलंही दिसत नव्हतं. तिसाव्या दिवशी मी दिवाळीच्या चकल्या तळत होते. शेवटचा घाणा निघाला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते, हात पिठाने भरलेले होते, म्हटलं हात धुऊन बघू. मग दिवे लागले, पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी पासवर्ड टाकला तर या नावाचं कुणी नाही असं उत्तर आलं. काही दिवसांनी रुचीने विचारलं, ‘मावशी, आईचा अकाउंट दिसत नाहीये.’ मी म्हटलं, ‘जुनी खाती कंपनी काढून टाकते गं.’ ती म्हणाली, ‘अच्छा.’ तिने माझ्यावर विश्वास ठेवला याचं मला तेव्हा फक्त हायसं वाटलं.

टोटो दिसल्याच्या दुसऱ्या दिवशी लायब्ररीतून सुटल्यावर मी सामने घाटाचा पूल ओलांडून रामनगरला गेले. पार्लरला कुलूप होतं, पण त्यांचे फ्लेक्स छापणारं दुकान शेजारीच निघालं. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला, अदबीने बोलणारा. मी मोबाइलवर काढलेला टोटोचा फोटो दाखवला. तो खुश झाला. त्याला वाटलं मला तसंच काहीतरी छापून हवंय. ‘ये वाला बहुत चला, बहनजी. बीस टोटो पर लगा है.’ मी म्हटलं, ‘ये फोटो आपको किसने दी?’ ‘नेट से लिया. मराठी दुल्हन डालिए, ऊपर ही आ जाती है.’ ‘ये दुल्हन नहीं है. इनको गुज़रे ग्यारह साल हो गए.’ त्याचा चेहरा उतरला. त्याने पहिली गोष्ट केली ती अशी की पायांतल्या चपला काढल्या. मग हात जोडले. मी भांडायला आले होते, माझी भांडणाची सगळी वाक्यं तिथेच गळाली.

‘आप कौन लगती हैं उनकी?’ त्याने विचारलं. काय लागते मी तिची. तिकडे घरात तिची बहीण लागते, म्हणून मावशी. टाकाच्या हिशेबाने तिची सवत लागते, जिने तिला गळ्यात घातलं नाही. ‘फोटो मेरी है,’ मी म्हटलं. तो गोंधळला. ‘आपने खींची थी?’ ‘नहीं.’ ‘तो नेट पर आपने डाली?’ ‘हाँ.’ त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मग, दुखावू नये अशा बेताने, म्हणाला, ‘बुरा मत मानिए. हमने तो उठा ली, गलती हुई. लेकिन चौराहे पर रखी किसने?’ तो बिचारा उपाय शोधत होता. कॉम्प्युटरवर त्याने फोटो मोठा केला, वैदेहीचा गळा सगळ्या पडद्यावर पसरला. ‘एक तो ये हाथ भी रह गया है. हम हटाने वाले थे, जल्दी में रह गया. कहिए तो अभी साफ़ कर दें, दो मिनट का काम है.’ आणि त्याने खरंच माऊस उचलला. ‘हाथ मत छूना!’ मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरचा चहावाला आत डोकावला. दुकानदाराने माऊस खाली ठेवला. आठवड्यात सगळे उतरवतो म्हणाला, देवाची शपथ घेतली, पाणी दिलं. परत येताना पुलावर रहदारी थांबली होती, खाली गंगा उन्हाळ्याआधीची, बारीक आणि संथ. मी ठरवलं की आज सांगून टाकायचं. दोघांनाही. फोटो गेले ते माझ्यामुळे, एवढं एक वाक्य. ते मी घरापर्यंत घोकत आले, पाढे घोकावे तसं.

घरी चहा मांडलेला होता. सासूबाई देवळात गेल्या होत्या. रुचीने माझ्याआधीच तोंड उघडलं. ‘मावशी, ये देखो,’ म्हणत तिने मोबाइल पुढे केला. शाळेच्या दाराशी उभा असलेला टोटो, वैदेही, गुलाबी रंग. तिच्या मैत्रिणीने पाठवला होता. चौदा वर्षांची झाली आहे रुची, दोन वेण्या घालायला आता लाजते. ‘हा हात माझा आहे ना?’ तिने विचारलं. ‘बाकीची मी कुठेय?’

‘मी पण पाहिला तो,’ अनिमेष म्हणाला. त्याने बशी खाली ठेवली. ‘पंधरा दिवस झाले. कचहरीजवळ. मी त्या टोटोत बसलो. आशापूरपर्यंत गेलो, तिथून त्याच्यातच परत आलो.’ तो हे हसून सांगत होता. मी अनिमेषला असं बोलताना पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, ‘मला तुम्हाला काही सांगायचंय.’ तो म्हणाला, ‘आधी मी सांगतो. तुला सांगणार होतो कधीपासून. तू हसशील म्हणून राहिलं.’ आणि तो सांगायला लागला. तो वैदेहीला अधूनमधून दोन ओळी पाठवायचा. वेडेपणा होता, पण सवय लागली होती. तिकडून काय येणार. पण गेल्या नवमीला दुपारी त्याने पाहिलं तर त्याच्या सगळ्या ओळींखाली, अकरा वर्षांच्या, ‘पाहिलं’ असं आलं होतं. एकदम. वरपासून खालपर्यंत. ‘माझा विश्वास बसेना. जेवून कारखान्यात गेलो होतो, तिथेच खाली बसलो. आणि थोड्या वेळाने बघतो तर तिचं खातंच नाही. फोटो नाहीत, काही नाही. बकुळ, तिने सगळं वाचलं आणि ती गेली. आपले फोटो घेऊन गेली. तिचेच होते ते.’ त्याने चहाचा घोट घेतला. ‘त्या दिवसापासून मला झोप लागते. तुला जाणवलं असेल.’

जाणवलं होतं. दिवाळीच्या आधीपासूनच तो रात्री उठून गच्चीत जायचा थांबला होता. मकरसंक्रांतीला त्याने माझ्या हातावर तिळगूळ ठेवताना हात एक क्षण तसाच ठेवला होता. गेल्या महिन्यात त्याने माझा एक फोटो काढला, न सांगता, मी भाजी निवडत असताना, आणि मी त्यात तिरकी, अर्धी कापलेली आले होते. तो बघून मी किती वेळ बसले होते. हे सगळं मला मिळालं ते मी चोरून वाचलेल्या पत्रांमुळे. माझं वाक्य तोंडात तयार होतं. ते बोलले असते तर वैदेही परत आली असती, पत्रं न वाचलेली, कुठे न गेलेली, आणि अनिमेष पुन्हा गच्चीत गेला असता. मी म्हटलं, ‘बरं झालं.’ मी भित्री आहे की शहाणी, हे मला अजून कळलेलं नाही. अनिमेषने विचारलं, ‘तू काय सांगणार होतीस?’ मी म्हटलं, ‘रामनगरला जाऊन आले. ते फ्लेक्स उतरवतायत.’ रुची माझ्याकडे बघत होती. तिच्या वयाच्या मुलांना ‘पाहिलं’ कसं येतं ते ठाऊक असतं. कुणीतरी उघडल्याखेरीज ते येत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी मी गच्चीत कपडे काढायला गेले तर ती आधीच तिथे बसलेली. खाली पंचगंगेवर कुणाचं तरी पिंडदान चाललं होतं, गुरुजींचा आवाज वाऱ्याबरोबर येत जात होता. ‘पासवर्ड तुझ्याकडे होता ना?’ तिने सरळ विचारलं. मी म्हटलं, ‘हो.’ ‘तूच बंद केलंस?’ ‘हो.’ मला वाटलं ती ओरडेल, खाली जाऊन अनिमेषला सांगेल. मी तशी तयारीच केली होती, हातातल्या चादरीची घडी घालत होते आणि घडी जमत नव्हती. ती म्हणाली, ‘बाबाला नको सांगूस. तो आता ठीक आहे.’ मी म्हटलं, ‘रुची, माझं चुकलं गं. फार मोठं चुकलं. मला फार राग आला होता.’ तिने मान हलवली, समजल्यासारखी किंवा पुढे जाऊया म्हटल्यासारखी.

‘मला आई आठवत नाही,’ ती म्हणाली. ‘म्हणजे फोटोतलीच आठवते. और वो भी मैंने ठीक से नहीं देखे, मला वाटायचं नेटवर आहेत तर आहेत, कधीपण बघू. तू रोज बघायचीस ना?’ ‘हो.’ ‘मग तो जांभळ्या साडीचा सांग. पूर्ण वाला.’ मी चादर बाजूला ठेवली. एवढं तर मी देऊ शकत होते, माझ्याकडे आता तेवढंच होतं. मी सांगायला लागले. वैदेही पाटावर बसलेली, मागे निळी भिंत, खिडकीत तांब्या, साडीचा काठ असा, अंबाड्यात मोगरा, उजव्या हातात हिरव्या बांगड्या आठ, एक पिचलेली. नथ थोडी कलती. ती समोर बघते, अनिमेषकडे, काहीतरी बोलता बोलता थांबल्यासारखी. रुची डोळे मिटून ऐकत होती. ‘आणि मी?’ तिने विचारलं. ‘तू मांडीवर. एक हात तिच्या गळ्याशी.’ ‘ते कळलं. मी कुठे बघत होते? आईकडे की बाबाकडे? हसत होते का?’

मी आठवायला गेले. भिंत आली, तांब्या आला, पिचलेली बांगडी आली. वैदेहीच्या मांडीवर परकराचा पिवळा रंग आला, त्याच्या वर हात, आणि हाताच्या वर काही नाही. दुसरा फोटो आठवला, नावेतला, त्यातही रुची होती. तिसरा, अंगणातला, वाढदिवसाचा. सगळ्यांत वैदेही होती, लख्ख, केसांच्या फाट्यासकट. नऊ वर्षं, रोज, दोनशे चौदा फोटो, आणि त्या पोरीच्या चेहऱ्याकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं. खोटं सांगणं अगदी सोपं होतं. ‘आईकडे बघून हसत होतीस’, एवढं म्हटलं असतं तर तिला जन्मभर पुरलं असतं आणि ते खोटं ठरवणारा फोटो जगात उरला नव्हता. पण तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

‘मला ठाऊक नाही गं,’ मी म्हटलं. ‘मी तिच्याकडेच बघत राहिले. तुझ्याकडे पाहिलंच नाही.’

रुची उठली. परकर झटकला, दोरीवरचे उरलेले कपडे काढले, चिमटे एकेक करून डब्यात टाकले. मग कपड्यांचा ढीग छातीशी धरून माझ्या बाजूने जिन्याकडे जाताना म्हणाली, ‘कोई बात नहीं.’ गर्दीच्या टोटोत अनोळखी बाईचा पाय पायावर पडला की म्हणतात, अगदी तसं, नम्रपणे, माझ्याकडे न बघता.